आड त्यांच्याकडे, गटार आमच्याकडून

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी ४७ वर्षांची, एका पतसंस्थेत कारकून आहे. जुन्या नाशकात, भद्रकालीकडे, सासऱ्यांच्या वाड्यात राहते. गेली सहा वर्षं रात्रीची भांडी आवरली की मी एक विज्ञान कादंबरी लिहिते. काळ आजपासून अडीचशे वर्षांनंतरचा. समुद्र चढलाय, जुने किनारे बुडालेत, आणि एका बेटावर तगलेल्या माणसांचे दोन तट पडलेत. वर झऱ्याशी राहणारे उगमकर, खाली खाजणात राहणारे मुखकर. मध्ये किरणांची भिंत. मुखकरांनी शेवाळ पिकवून वर पोचवायचं आणि त्या बदल्यात मोजून पाणी घ्यायचं. तारू नावाची मुखकर मुलगी भिंत ओलांडते आणि वरच्यांची सत्ता उलथते, अशी गोष्ट.

हाताने लिहिलेली वही टाइप करायला मी धाकट्या पुतणीला दिली. तिच्याकडून ती थोरल्या दिरांच्या, म्हणजे अण्णांच्या हाती लागली. पाडव्याला सगळे जेवायला बसलो होतो. अण्णा म्हणाले, "माझं बेट केलंस होय?" आणि भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून अबोला आहे. जाऊबाई बोलतात, पण अण्णांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात.

आमची वाटणी २००४ साली झाली. मागच्या चौकातला आड त्यांच्याकडे गेला, गटार आमच्याकडून जातं. त्यांच्या न्हाणीचं पाणीसुद्धा आमच्या ओसरीखालून वाहतं. त्याच उन्हाळ्यात त्यांची धाकटी आडात पडता पडता वाचली, मग त्यांनी वर जाळी टाकून कुलूप लावलं. नळाला पाणी नसलं की किल्ली मागायला जावं लागतं. पण ताई, बेटाचा याच्याशी काही संबंध नाही. ते पूर्ण काल्पनिक आहे.

मी कादंबरी सोडून देऊ का? की टोपणनावाने छापू? आणि वाचनालयात भेटणारी एक मैत्रीण म्हणते की पहिली ७० पानं तिला ढकलत न्यावी लागली. तिचं खरं असेल का? सोबत सुरुवातीची ४० पानं पाठवते आहे.

स., जुनं नाशिक

उत्तर

प्रिय स.,

बेटाचा वाड्याशी काही संबंध नाही, हे तुम्ही मला सांगताय की स्वतःला? वर आड, खाली गटार, मधे भिंत, किल्ली थोरल्याच्या कमरेला. नवीन काय ते शेवाळ. पान २३ वर तुमचा जलपाल बोलण्याआधी दोनदा घसा खाकरतो आणि जेवायला बसल्यावर उजवीकडचं फुलपात्र उचलून डावीकडे ठेवतो. अर्धं जग बुडाल्यावर, कुठल्या समुद्रातल्या बेटावरच्या हुकूमशहाला ही लकब कुठून लागली, ते तुमच्या पुतणीला टाइप करतानाच कळलं असणार. अण्णांनी ओळखलं ते बरोबर ओळखलं. तेवढ्यावर त्यांच्याशी वाद घालू नका, हराल.

पण नुसतं ओळखलं म्हणून माणूस भरल्या ताटावरून उठत नाही.

मी पंचविशीत असताना मावशीवर एक कथा लिहिली होती. नाव बदललं, गाव बदललं, तिला विधवासुद्धा करून टाकलं, काका समोरच्या खोलीत पेपर वाचत असताना. दिवाळी अंकात ती छापून आली आणि मावशीने माझ्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं. पाचव्या वर्षी एका हळदीकुंकवाला तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "त्यात तू आंबे हापूस लिहिलेस. आपल्याकडे पायरी यायचे. हापूस परवडत होता का आपल्याला?" मी बघतच राहिले. मग वाणाची ताटली पुसता पुसता म्हणाली, "आणि त्या दिवशी मी दार का उघडलं नाही, ते तुला ठाऊक नव्हतं. विचारायचंस."

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यातलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं. "त्याच उन्हाळ्यात त्यांची धाकटी आडात पडता पडता वाचली, मग त्यांनी वर जाळी टाकून कुलूप लावलं." अहो, एवढी गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत आटपलीत आणि किल्लीच्या तक्रारीकडे वळलात. आणि वही टाइप करणारी धाकटी पुतणी, ती हीच ना? म्हणजे वीस वर्षांपूर्वी जिला कुणीतरी झग्याला धरून काठावरून मागे ओढलं, त्याच मुलीने बसून "तहान हीच प्रजेची शिस्त" हे तुमच्या जलपालाचं वाक्य टाइप केलं. आणि तिच्या बापाने ते वाचलं.

तुमच्या ४० पानांत कुलूप हा शब्द सतरा वेळा आलाय. मी पेन्सिलीने खुणा करत गेले. ते का लागलं, हे एकदाही आलेलं नाही. उगमकर दुष्ट आहेत म्हणून लागलं, असं तुम्ही धरून चालला आहात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तुमच्या आडात भरपूर आहे, पोहराच तुम्ही अर्ध्यावरून वर ओढलाय.

कादंबरी सोडायची नाही, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पण आहे तशी ती छापायच्या लायकीची नाही, हेही ऐकून ठेवा. आणि ते वाड्यामुळे नाही, बेटामुळे. तुम्ही बेटाचं पाणी नीट पाहिलेलं नाही.

लहान बेटावर गोडं पाणी कसं टिकतं? पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. बेटाच्या मध्यावर हा थर जाड, कडेला पातळ, अख्ख्या मसुराच्या दाण्यासारखा. त्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी १ मीटर उभं असेल, तर पातळीच्या खाली ते साधारण ४० मीटरपर्यंत असतं. पण हाच हिशेब उलटाही लागतो. उपसून उपसून वरचं पाणी मीटरभर उतरवलं, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर सरकतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, हातभरच तर घेतलं. विहीर आधी मचूळ होते, मग खारी. आणि एकदा खारावली की पुढच्या पावसाळ्यात सुधारत नाही, वर्षं जातात.

आपल्या लक्षद्वीपची माणसं अशाच पातळ थरावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथे कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडायचं, म्हणजे ते न तापवताच थोडं वाफेत जातं. मग सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची, की झालं गोडं पाणी. तुमच्या 'नीलयंत्रा'तून नुसता निळा उजेड येतो आणि पाणी पडतं. त्यापेक्षा हा समुद्रात सोडलेला लांबलचक पाइप घ्या. तो वादळात निसटतो, त्याला पोहणारी माणसं लागतात, आणि ती माणसं खाली खाजणातच राहत असणार, हो की नाही? उगमकरांचा जीव मुखकरांच्या दमावर टांगलेला, हे तुम्हाला फुकटात मिळालं.

पण मला हवाय तो मसुराचा दाणा. तुमची भिंत जमिनीवर आहे, खालचं पाणी दोघांचं एकच आहे. समजा, भिंत नव्हती त्या काळात, तारूच्या पणज्याच्या वेळी, वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून वाटेल तितकं उपसलं. विहिरी खारावल्या. एका उन्हाळ्यात पोरं दगावली. ज्याचं पोर गेलं त्याने घाबरून पहिलं कुलूप घातलं, सगळ्यांच्या देखत, आणि तेव्हा खालचेही हो म्हणाले. त्याच्या मुलाला कुलपाची सवय झाली. नातवाला किल्लीची. तुमचा जलपाल हा नातू. तो वाईट असला तरी चालेल, मी त्याला साधू करायला सांगत नाही. पाणी अडवून शेवाळ उकळणारा माणूस वाईटच. पण त्याच्या देवघरात त्या पहिल्या पोराचं काहीतरी ठेवलेलं असेल, एखादा वाळा, आणि तारू भिंत ओलांडून आत शिरते तेव्हा तिच्या हाताला प्रथम तो वाळा लागला, तर पुढे ती काय करेल? मला माहीत नाही. तुम्हालाही आज माहीत नसेल, आणि तुमच्या गोष्टीत सध्या नेमकं हेच नाही. सध्या तारू काय करणार हे पान ५ वरच कळतं.

"पण ताई, मला वरच्यांच्या मनातलं काय ठाऊक," असं म्हणाल. तुम्ही स्वतःला मुखकर समजता. वाड्यात आहातही. जरा वाड्याच्या बाहेर या. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला असेल, तर वरच्या धरणांतून, म्हणजे आपल्या गंगापूर-दारणातूनही, खाली पाणी सोडायचं असा नियम २०१४ साली झाला. ती वेळ आली की पतसंस्थेच्या काउंटरवर लोक काय बोलतात, ते तुम्ही ऐकलं असेल. पैसे मोजता मोजता तुम्हीही मान डोलावली असेल. "आमच्या हक्काचं पाणी." "पाऊस आमच्याकडे पडतो." "खालच्यांना उसाला द्यायचंय, आमच्या बागा वाळल्या तरी चालतील." २०१५ च्या दुष्काळात पाणी सोडलं तेव्हा मी स्वतः ओट्याशी उभी राहून हेच बोलले, आमच्या बाईंनी मान डोलावली, आणि आम्हा दोघींनाही फार बरं वाटलं. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यायची वेळ आली. लातूर जायकवाडीवर अवलंबून नाही, हे मला कळतं. तरी टीव्हीवर ते टँकरचे डबे पाहिले त्या दिवशी ओट्यापाशीचं बोलणं आठवलं आणि मी मुकाट्याने चॅनल बदललं.

पैठणहून पाहिलं तर तुम्ही, मी आणि अण्णा, तिघेही उगमकर आहोत.

म्हणून एक प्रकरण लिहा. फक्त एक, पंधरा-वीस पानांचं, जलपालाच्या घरातून. त्यात कुणी राक्षसासारखं हसायचं नाही. जलपालाची बायको पोळ्या लाटतेय, खाली पाणी सोडायचं की नाही यावर घरात बोलणं चाललंय, आणि सगळे समजूतदार आहेत. संवादांसाठी कुठे जायची गरज नाही, काउंटरवर ऐकलेलेच घाला. ते प्रकरण लिहून झालं की तुमच्या आधीच्या पानांतला जलपाल तुम्हालाच खोटा वाटायला लागेल आणि निम्मी खाडाखोड आपोआप होईल.

किरणांची भिंत मला पटलेली नाही, तेही सांगून टाकते. हात लावला की भस्म, हे लिहायला सोपं असतं. खऱ्या विभागण्या इतक्या स्वच्छ नसतात. नाशिककराने तर हे बेटावर जाऊन शिकायला नकोच. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, ओलांडून पंचवटीत जा. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५ पर्यंत चालला. त्या देवळाला दरवाजे चार, आणि सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाज्यांवर बसल्या होत्या. पुढच्या वेळी दर्शनाला गेलात की देवळाला बाहेरून एक फेरी मारा आणि प्रत्येक दरवाज्यापाशी थांबून बघा. कोणता दरवाजा कुणाचा, कुठून माणूस आत जातो, कुठून फक्त सामान, कुणी उंबऱ्यापर्यंत यायचं आणि कुणी रस्त्यापर्यंत. विभागणी तिथे असते. तुमच्या बेटाला एक भिंत आहे आणि त्यात एकही दार नाही. मग शेवाळ वर जातं कुठून? ते वाहून नेणाऱ्याला उगमकर बसायला सांगतात का? कुठे?

दुनियेतही दोन तुकडे झालेली बेटं पुष्कळ आहेत. कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचं एवढंसं बेट १६४८ पासून फ्रेंच आणि डच, असं दोघांत वाटलेलं आहे. तिथे भिंत नाही, पहारा नाही. पण विजेचा दाब एका बाजूला २२० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ११०. म्हणजे सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे असलेल्या बाईने आपला मिक्सर कुठे न्यायचा? मला अशा गोष्टीत भिंतीपेक्षा जास्त दम दिसतो.

आणि सायप्रस. १९७४ मध्ये बेटाचे दोन भाग झाले, निकोसिया हे शहरच मधोमध कापलं गेलं, मधे संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांचा पट्टा. इकडच्या माणसाने तिकडे जायचं नाही. नाके उघडले ते २००३ मध्ये. आता गंमत बघा. शहराचं भुयारी गटार एकच होतं आणि उतार काही फाळणी मानत नाही. १९७० चं दशक संपायच्या आत दोन्हीकडच्या महापौरांना त्या गटारासाठी एकमेकांशी बोलावं लागलं, आणि त्यांनी मैला शुद्ध करायचं काम एकत्र उभं केलं. बाकी राजकारण बंद, गटार चालू. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. तुमच्या पत्रातलं "गटार आमच्याकडून जातं" वाचून पुन्हा हसले, माफ करा. वीस वर्षं अण्णांच्या न्हाणीचं पाणी तुमच्या ओसरीखालून जातंय. ते कधी तुंबलं असेलच. तेव्हा काय झालं? कोण आधी बोललं? कुणी कामट्या आणल्या, कुणी माणूस बोलावला, पैसे कुणी दिले? हे प्रकरण तुमच्या कादंबरीत नाही आणि तुमच्याइतकं ते कुणीच लिहू शकणार नाही.

पावसाचं एक राहिलं. तुमच्या बेटावर पाऊस फक्त वरच्यांवर पडतो आणि खाली पडत नाही, का ते सांगितलेलं नाही. मध्ये डोंगर घाला, बास. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशकात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आगेमागे. एकाच जिल्ह्यात. वाऱ्याच्या तोंडाला डोंगर असला की ढग तिथेच रिकामे होतात. बेट लहान असलं तरी हे होतं.

आणखी एक हवंय, तुमच्या बेटाला आपल्या गोदापात्रातल्या मूर्तीसारखा दुतोंड्या मारुती हवा. थट्टा नाही करत. गंगापूरमधून पाणी सोडलं की किती हजार क्युसेक ते बातमीत येतं, पण आपण विचारतो काय? मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावर भांडीबाजार आणि सराफ बाजार माल हलवायचा की नाही ते ठरवतात, आणि पलीकडे पंचवटीतले लोकही त्याच मारुतीकडे बघत असतात. त्याला तोंडंही दोन, दोन्हीकडे बघणारी. तुमचे उगमकर आणि मुखकर दिवसातून एकदा तरी ज्या एका गोष्टीकडे बघतात, अशी खूण सबंध हस्तलिखितात नाही. एखादा खडक, एखादा बुडालेला मनोरा, काहीही चालेल. पाण्याची पातळी तिथे मोजली जाते, आणि दोन्ही बाजूंची पोरं सकाळी उठून आधी तिकडे बघतात.

आता तुमच्या मैत्रिणीचं. ती बरोबर आहे आणि बिचारीने सभ्यपणे सांगितलं. पहिली २२ पानं मी दूध वर येतंय का बघत वाचली. पाण्याचे नियम, शेवाळाचे दर, उगमकरांच्या सात पायऱ्या, भिंतीचा इतिहास. तुम्ही पतसंस्थेचे उपविधी लिहिलेत. पान ३१ वर मात्र मी थांबले. तारूची आजी रात्री घागर भिंतीला टेकवून कलती ठेवते, म्हणजे गाळ एका कुशीला बसतो. पहाटे ती पाणी ओतून घेत नाही, करवंटीने वरच्यावर काढते, आणि करवंटी बुडवताना श्वास रोखून धरते. तो श्वास रोखणं वाचल्यावर मला सात पायऱ्यांची काही गरज उरली नाही. कादंबरी तिथून सुरू करा. नियम ज्या दिवशी कुणी मोडेल त्या दिवशी सांगा. तोवर वाचकाला नाही कळलं तरी तो कुठे जात नाही.

तुमच्या मुखकरांना दिवसाला माणशी ९ लिटर मिळतं, असं तुम्ही लिहिता आणि पुढे जाता. शहराची नळयोजना आखताना आपल्याकडे माणशी १३५ लिटर धरतात. ९ लिटर म्हणजे अर्धी बादली. एका रविवारी सकाळी अर्धी बादली भरून घ्या आणि रात्रीपर्यंत तेवढ्यावर राहून बघा, पिणं, स्वयंपाक, धुणं, सगळं त्यातच. दुपारी चारला तुम्ही कुणावर आणि कशावरून चिडलात ते वहीत टिपून ठेवा. तुमच्या चाळीस पानांत कुणी पाण्यावरून चिडत नाही, सगळे तत्त्वावरून चिडतात.

टोपणनावाबद्दल थोडक्यात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाला पहिलं बक्षीस मिळालं. ते जयंत नारळीकर होते, आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेले. नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून त्यांनी ते केलं होतं. पुढे २०२१ मध्ये आपल्या नाशकातच झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांना नाव लपवायला कारण होतं. तुम्हाला ज्यांच्यापासून लपवायचंय त्यांचं वाचून झालंय. आणि भद्रकालीतल्या वाड्यात टोपणनाव किती दिवस टिकेल, असं वाटतं? जाऊबाईंच्या पहिल्या भिशीपर्यंत. स्वतःच्या नावाने छापा. फुलपात्र आणि घसा खाकरणं तेवढं काढून टाका, ती कादंबरीची गरज नाही, ती तुमची खोडी आहे.

घरचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. अण्णांपुढे जाऊन माफी मागू नका, त्यांना अवघड होईल आणि तुम्हाला खोटं बोलावं लागेल. "छापू का?" असंही विचारू नका. परवानगी मागितली की माणसाला नाही म्हणणं भाग पडतं. पुतणीची माफी मात्र आजच मागा. बापाविरुद्धची वही त्याच मुलीच्या हातात देणं हा अविचार झाला. ती टाइप करताना तिला काय वाटलं, ते तिला विचारा आणि मधे बोलू नका. आडाच्या काठावरचं तिला काही आठवतंय का, हे ती स्वतःहून काढेल तेव्हाच.

जाऊबाई हळू आवाजात बोलतात म्हणालात. म्हणजे बोलतात. त्यांना घागरीचं पान वाचून दाखवा. नुसतं तेवढंच. करवंटी त्यांच्याकडूनच शिकलात असा माझा अंदाज आहे.

हस्तलिखितात एक बारीक घोटाळा आहे, तो दुरुस्त करा. पान १२ वर झऱ्याच्या कुंडावर लाकडी रहाट आहे आणि पान ३८ वर तिथेच लोखंडी कप्पी. मला वाटतं, लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे मागच्या चौकातला आडच आहे, आणि त्याचा रहाट काढून कधीतरी कप्पी बसवली गेली. ती तुमच्या लग्नाआधी की नंतर, ते तुम्हाला नक्की आठवत नसावं. अण्णांना आठवत असेल.